मागच्या सीटचं वजन

१

माझ्याकडून अलार्म बसवून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही. हे मी गर्वाने सांगते; गर्व वाटला तर वाटू दे. वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं वायरी सोलल्या, ते गेल्यावर दुकान माझ्या गळ्यात पडलं, त्यालाही आता अठरा वर्षं झाली. नवरा काउंटरवर बसतो, म्हणजे फोन घेतो, रेडिओ ऐकतो आणि गिऱ्हाइकांसमोर माझी थट्टा करतो. गाडीच्या पोटात शिरून काम करायचं ते मी.

लोकांना सेन्सरची भारी हाव. काच फुटली की ओरडणारा, धक्का बसला की ओरडणारा, गाडी कलली की ओरडणारा, आत काही हललं की ओरडणारा. सगळे लावून टाका म्हणतात. लावते की! पण मग बॉनेटवर मांजर चढलं तरी भोंगा वाजतो आणि अख्खी सोसायटी तुमच्या नावाने बोटं मोडते, हेही सांगते. ऐकत कोणी नाही.

त्या दिवशी दुपारी एक फिकट निळी, जुनाट गाडी दारात उभी राहिली. उतरलेले गृहस्थ सत्तरीचे, खिशाला तीन पेनं. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, आणि आमच्या पाटीवरची एक चूकही दाखवली. नवरा तेव्हापासून त्यांना प्रूफवाले काका म्हणायला लागला.

"काका, ही गाडी तुम्ही किल्लीसकट रस्त्यावर ठेवली तरी कोणी नेणार नाही," मी म्हटलं. "अलार्म कशाला हवाय?"

"चोरासाठी नकोय, ताई. माझी बायको गाडीत जाऊन बसते. ती बसली की मला कळायला हवं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काकूंना विसरायचा आजार. दार उघडं दिसलं की त्या खाली उतरतात आणि गाडीत मागे, डाव्या बाजूला जाऊन बसतात. आयुष्यभर तिथेच बसल्या, कारण पुढच्या सीटवर काकांच्या प्रुफांचे गठ्ठे असायचे. गेल्या महिन्यात काका आंघोळीला गेले होते. काकू बंद गाडीत, उन्हात, पाऊण तास होत्या. सापडल्या तेव्हा चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, आणि तरी हसत होत्या.

"पुन्हा तसं झालं तर ती जाईल," काका म्हणाले. "मला ती हवी आहे. जशी आहे तशी."

असं कोणी तोंडावर बोललं की मी हाताला काम शोधते. मी टॉर्च घेऊन गाडीत शिरले.

२

काम मी मन लावून केलं. चारही दारांना संपर्काचे स्विच लावले, छताला हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला आणि मागच्या डाव्या सीटच्या कव्हराखाली वजन दाखवणारी पातळ गादी. दवाखान्यात पेशंट पलंगावरून उठला की नर्सला कळवणाऱ्या गाद्या असतात, त्यातलीच ती. भोंगा जोडलाच नाही, काकू घाबरल्या असत्या. सगळा निरोप काकांच्या खिशातल्या छोट्या यंत्रावर: दोनदा टुकटुक, आणि पडद्यावर जागा आणि किलो. तसलंच जोडीचं यंत्र मी दुकानात ठेवलं. नवीन प्रकारचं काम असलं की काही दिवस मी स्वतः लक्ष ठेवते.

गादीची एक रीत असते. सीट पूर्ण रिकामी करायची, छत्री, पिशवी, रुमालसुद्धा काढायचा, दारं लावायची आणि शून्याचं बटन दाबायचं. त्या क्षणी सीटवर जे असेल त्याला यंत्र 'काही नाही' समजतं. त्यानंतर जे येईल तेच मोजतं.

बारा दिवसांनी काका आले. हातात वही.

"मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी टुकटुक झाली. मागची डावी सीट, चार किलो. दार उघडल्याची नोंद नाही. काल सहा किलो. ही माझ्यासमोर खुर्चीत बसली होती."

दुकानातल्या यंत्रावरही तेच होतं, म्हणजे काकांचं यंत्र खोटं बोलत नव्हतं. मी चिडले. माझ्या कामात खोट निघाली की माझं डोकं फिरतं. उन्हाने गादी फुगली असेल, वायर कव्हरात चेपली असेल, कारणं काय, ढीगभर सापडतात. त्यांच्या घरी गेले, इमारतीसमोरच्या जागेत गाडी उभी होती, सीट तपासली. काही नव्हतं. वायर नीट, गादी सपाट. यंत्र मात्र सहा किलो दाखवत होतं.

वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काकू उभ्या होत्या. अंगाने भरलेल्या, गोऱ्यापान, कुठल्यातरी गाण्याची एकच ओळ घोळवत. मला बघून त्यांनी हात हलवला.

मी शून्याचं बटन दाबलं. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात. सहा किलो गेले.

वर बघितलं तर काकू रेलिंगला धरून उभ्या होत्या. गाणं थांबलं होतं.

३

काका पुन्हा आले ते पंधरा दिवसांनी.

"नऊ किलो," ते म्हणाले. मग वही मिटून म्हणाले, "ती मला 'अहो' म्हणायची ना, ते तिने बंद केलंय. तुम्ही बटन दाबलंत त्या दिवसापासून. योगायोग असेल. हाक मारायची वेळ आली की ती आता नुसती बघत राहते."

"आजार वाढतोच, काका," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला त्यांचा रागही आला. माझं बटन आणि त्यांच्या बायकोचं 'अहो', यांचा काय संबंध?

या वेळी मी नवीकोरी गादी घेऊन गेले. जुनी काढली, नवी घातली. कंपनीने सीलबंद पाठवलेली; शून्य मात्र यंत्रात साठतं, ते मागचंच राहिलं. यंत्र चालू केलं. नऊ किलो.

काका वर काकूंपाशी गेले होते. भर दुपार, खाली कोणी नाही. मी ठरवलं, आपण आत बसून बघायचं. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, काचा वर. कुठून आवाज येतो, कुठे हलतं, ते कान देऊन ऐकायचं, ही माझ्या वडिलांची पद्धत. अर्धा दोष कानाला सापडतो.

आधी नुसती शांतता. मग बॉनेटखाली काहीतरी टिकटिकलं, ते ओळखीचं. मग मागच्या सीटचा फोम दबला. माणूस खूप वेळ बसला की कूस बदलतो, तेवढाच. छतावरच्या सेन्सरचा बारीक लाल दिवा एकदा लागला, विझला, पुन्हा लागला. मी माझा श्वास रोखून धरला. दिवा तरी लागतच राहिला, संथ, एका लयीत.

मागे वळून बघायचं, एवढंच तर होतं. मी अठरा वर्षं लोकांच्या गाड्यांत एकटी बसते, मला कशाची भीती? पण मान वळेना. आतला आरसा मी कामाच्या वेळी छताकडे फिरवून ठेवला होता, तो सरळ करायलाही हात उचलेना. मी दार उघडलं आणि बाहेर पडले. मग स्वतःचीच लाज वाटून मागचं दार उघडलं, आत कोणीही नव्हतं. सीटवर तळहात ठेवला. उजवी बाजू गार होती. डावी ऊबदार होती.

मी बाहेर उभं राहून, घाईघाईने, पुन्हा शून्याचं बटन दाबलं. का दाबलं? दुसरं काही येतच नव्हतं मला. काम संपलं असं वाटायला हवं होतं.

४

"भूत असेल तर आपल्याकडे भूत-सेन्सर आहे म्हणून पाटी लावू," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, तसा त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

दुकानातलं यंत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. बघायचं नाही असं ठरवलं होतं. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारी सकाळी काका चालत आले. दाढी वाढलेली. मी पहिल्यांदा त्यांच्या खिशाला एकही पेन नाही असं बघितलं.

"काल डॉक्टरांनी हिचं वजन केलं. आधी एकसष्ट होतं. गाडीचं काम करून घेतलं तेव्हा. ही नीट जेवते, ताई, मी स्वतः भरवतो. डॉक्टर म्हणतात, कळत नाही का उतरतंय. तुम्ही दुसऱ्यांदा आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरच्या काट्यावर केलं होतं. सेहेचाळीस. पंधरा किलो कमी."

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. एका रकान्यात काकूंचं वजन, दुसऱ्यात सीटचं. सहा. त्याखाली नऊ. बेरीज त्यांनी केली नव्हती. ती मीच केली, मनात.

"काका, हे असं काही नसतं!" मी ओरडले. नवऱ्याने रेडिओ बंद केला. "माणूस आजारी असला की झिजतो. गादी खराब असते. दोन आकडे जुळले म्हणून काय काहीही समजायचं?"

"मी चाळीस वर्षं चुका शोधल्या," काका हळू म्हणाले. "चूक कशी दिसते ते मला कळतं. ही चूक नाही. ती थोडी थोडी तिथे जाऊन बसतेय. कुठेतरी जायचंय असं तिला वाटतं, आणि मी येईपर्यंत ती बसून राहते. तिला तेवढंच ठाऊक आहे." मग ते म्हणाले, "सीटचा आकडा राहू दे. डॉक्टरांच्या काट्यावर काल किती भरलं ते विचारा."

"किती?"

"एकोणीस."

 माझ्या डोळ्यांसमोर त्या गॅलरीतल्या, अंगाने भरलेल्या काकू होत्या. दोनदा मी त्यांच्यातला एक भाग सीटवर असताना 'काही नाही' असं यंत्राला शिकवलं होतं. 

तेवढ्यात ड्रॉवरमध्ये टुकटुक झाली. नवऱ्याने यंत्र काढून पडद्यावर बघितलं आणि माझ्या हातात दिलं. तीस किलो.

"घरी कोण आहे?" मी विचारलं.

"समोरच्या दारातल्या बाई बसल्यात तिच्यापाशी."

आम्ही दोघं माझ्या गाडीत बसलो. काकांनी पट्टाही लावला नाही.

५

वरच्या खोलीत काकू खुर्चीत होत्या. झोपल्या नव्हत्या, डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांना बघायचं काम कोणी सांगितलेलं नव्हतं. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. शेजारच्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, मघाशी मी उशी सारखी करायला उचललं यांना, तर एका हाताने उचलल्या गेल्या हो."

काका दारात थबकले. मग म्हणाले, "चल, जाऊया." आणि त्यांनी काकूंना उचललं. सत्तरीचा माणूस, गुडघ्यांनी अधू. शाळकरी पोरीला कडेवर घ्यावं तसं घेऊन तो जिना उतरला.

मी दार उघडायला पुढे धावले. गाडी सावलीत होती. मागच्या काचेवर धूळ होती, त्या धुळीतून मला पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवलेला एक हात दिसला. गोरा, भरलेला, बोटं सीटवर ताल धरत होती. एवढंच. कोपराच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दार उघडलं गेलं नसतं.

दार उघडलं. सीट रिकामी. माझ्या हातातल्या यंत्रावर तीस.

"काका, थांबा," मी म्हटलं. "समजा चुकलं तर?"

"तर काय होईल?" ते म्हणाले. त्यांचा श्वास फुलला होता. "आता माझ्या हातात आहे ती किती आहे, ताई?"

त्यांनी काकूंना अलगद डाव्या बाजूला टेकवलं. मी पडद्यावरची नजर काढली नाही. तीस. चौतीस. एकेचाळीस. सेहेचाळीस. तिथे आकडा थांबला. सेहेचाळीस, आणि मी दोनदा पुसलेले पंधरा.

काकूंनी आधी हात उचलून केस सारखे केले. मग त्या काकांकडे वळल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, किती वेळ लावलात? मी कधीची बसलेय इथे."

काका तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी काकूंच्या पायावर डोकं टेकवलं आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. "चुकलो गं," म्हणत होते. "मला माहीतच नव्हतं तू इथे आहेस."

"असं काय करताय चारचौघांत?" काकू म्हणाल्या. "आणि ही कोण बाई? हिला का रडवलंत?"

तेव्हा मला कळलं की मीही रडत होते.

त्यांना उतरवायची वेळ आली तेव्हा काका दाराशी अडले. काय उतरेल, काय मागे राहील, कोणाला ठाऊक. काकू मात्र दाराला धरून, "सरका बघू," म्हणत स्वतःच्या पायांवर उतरल्या. पडद्यावर आकडा झरझर खाली आला, शून्य ओलांडून पुढे गेला, आणि उणे पंधरावर स्थिर झाला. मी तो आकडा तसाच ठेवला. त्या यंत्राचं शून्याचं बटन मी त्याच दिवशी पक्कडीने तोडून टाकलं.

६

तीन आठवडे चांगले गेले. काकांचा रोज सकाळी फोन यायचा: उणे पंधरा. म्हणजे गाडीत कोणी नाही, म्हणजे काकू पूर्ण घरात आहेत. आजार गेला नव्हता, नावं विसरत होत्या, पण 'अहो' होतं, भांडण होतं. एकदा फोनवर मागून त्या ओरडल्यासुद्धा, "त्या वायरवाल्या बाईला जेवायला बोलवा!" नवरा दिवसभर मला वायरवाली बाई म्हणत होता.

आज दुपारी निळी गाडी दारात आली. काकू मागे, डाव्या बाजूला बसल्या होत्या, काच खाली करून रस्ता बघत. छान दिसत होत्या. काका एकटेच उतरून आत आले. खिशाला पेनं होती, हातात वही.

"सत्तावन्न भरलं सकाळी," त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "चार कमी आहेत."

"गाडीत?"

"गाडी उणे पंधरा. रोज बघतो. गाडीत ती नाही." त्यांनी वही उघडली. "मी आठवतोय, तिला बसायला कुठे कुठे आवडायचं. वाचनालयात खिडकीजवळची खुर्ची. तिच्या शाळेची मागची पायरी, मधल्या सुट्टीत तिथे बसायची. दवाखान्यातला तो बाक, आमचं मूल गेलं तेव्हा ती दोन दिवस तिथून उठली नव्हती. तिच्या बहिणीच्या स्वयंपाकघरातलं स्टूल. बसस्टॉप, गाडी घेण्याआधी मी कामावरून यायचो तेव्हा ती तिथे येऊन बसायची. नदीकाठ. सतरा जागा झाल्या, अजून आठवताहेत."

"काकूंनाच विचारा ना," मी म्हटलं. "आता बोलतायत तर सांगतील, कुठे आवडायचं."

"विचारलं." काकांनी चष्मा काढून पुसला. "सोळा जागा तिने लगेच ओळखल्या, आठवणींसकट. बसस्टॉपचं मी सांगितलं, तर म्हणाली, कुठला बसस्टॉप? मी कधी आले होते तुम्हाला घ्यायला? अकरा वर्षं रोज यायची, ताई. आणि तो स्टॉप नेमका कुठला होता, ते मला आठवत नाही. आम्ही तीन घरं बदलली. ती मला बरोबर सापडायची, म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही."

 बाहेर काकूंनी काचेतून डोकं काढून विचारलं, "अहो, येताय ना?"

"आलो!" काका मोठ्याने म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "किती गाद्या आहेत तुमच्याकडे?"

नवऱ्याने माळ्यावरून खोकी काढायला सुरुवात केली होती. आज त्याने काही थट्टा केली नाही. आठ गाद्या निघाल्या. मी पक्कड, टेप आणि वायरचं भेंडोळं बॅगेत भरलं आणि काउंटरवरचा शहराचा जुना नकाशा काकांसमोर पसरला.

"तिन्ही घरं कुठे होती ते दाखवा," मी म्हटलं. "पहिल्या घरापासून सगळे स्टॉप बघू."

काकांनी खिशातलं पेन काढलं. पहिल्या घरापाशी त्यांनी खूण केली. तिथून निघणाऱ्या रस्त्यावर बसचे नऊ थांबे होते. त्यांनी बोट ठेवून एकेक मोजला, आणि प्रत्येकापाशी मान हलवून म्हणाले, असू शकेल.